‘सोलरपेक्षा एफडी बरी’ म्हणणाऱ्या मेसेजचा हिशेब

नाशिकच्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘सोलरवाल्यांच्या नादी लागू नका. दोन लाख घालून छपरावर काचा बसवण्यापेक्षा तेच पैसे एफडीत टाका, व्याजातून बिल भरा, मुद्दल शाबूत. नाशिकला चार महिने पाऊस, तेव्हा सोलर बंद. गारपीट झाली की काचा फुटल्या. दहा वर्षांत सगळं भंगार. जास्तीची वीज महावितरण फुकटात लाटणार. आणि लाइट गेली की सोलरही बंद, मग उपयोग काय?’ खाली अर्थातच ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

लिहिणारा अगदीच हवेत बोलत नाही. यातला एक मुद्दा शंभर टक्के खरा आहे, एक काही घरांपुरता खरा आहे आणि बाकीचे अर्धवट किंवा ऐकीव आहेत. पण मुळात घोळ असा की त्याने अख्ख्या नाशिकला एकच वीजबिल येतं असं धरलंय. सिडकोतल्या दोन खोल्यांचं बिल आणि गंगापूर रोडवरच्या तीन एसींच्या बंगल्याचं बिल यांना एकच उत्तर कसं लागू पडेल?

आधी एफडी, कारण मेसेजचा सगळा जोर तिच्यावर आहे.

दोन लाख हा आकडाच पहिल्यांदा तपासू. 3 किलोवॅटच्या घरगुती संचाला साधारण तेवढे लागतात, कधी थोडे कमी. (22 सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे मेसेजला बहुधा कळलेलं नाही.) पण 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असं मिळून 78,000 रुपयांचं अनुदान तुमच्या बँक खात्यात जमा होतं. म्हणजे खिशातले खरे पैसे 1 लाख 22 हजार. मेसेजने अनुदानाचा उल्लेखच टाळलाय. 1 लाख 22 हजारांची एफडी 7 टक्क्यांनी वर्षाला साधारण साडेआठ हजार देते, तेही कर न धरता.

आता दुसरी बाजू. महावितरणचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने महागतं. वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून महिन्याच्या पहिल्या 100 युनिटला प्रत्येकी सहा रुपयांच्या आसपास, 101 ते 300 ला अकराच्या आसपास, त्यापुढे आणखी चढत जातं. वर 16 टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून माझे आकडे सोडा आणि स्वतःचं ताजं बिल समोर घ्या. पण टप्प्यांची रचना तीच राहते, आणि सगळा हिशेब तिच्यावर फिरतो. सोलरची वीज तुमच्या बिलातून वजा होते ती वरून, म्हणजे सगळ्यात महाग युनिटं आधी जातात. बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर काढला आणि त्यावरून बचत ठरवली, तर ती कमी दिसते.

महिन्याला 300 युनिट जाळणारं घर घ्या. इंदिरानगरात चौघांचं कुटुंब, एक एसी, गीझर, फ्रिज. फार चैन नाही. त्यांच्या युनिटांचे शुल्कासह होतात साधारण 3,250 रुपये महिना. 1 किलोवॅट सोलर आपल्याकडे सरासरी दिवसाला 4 युनिट देतो असं धरतात. मी धूळ, सावली, ढगाळ दिवस वजा करून थोडं कमीच धरतो. तरी 3 किलोवॅटमधून वर्षाला 3,900 युनिट निघतात, आणि या घराची गरज आहे 3,600. वर्षाची बचत 39,000. अगदी हात आखडून 35,000 म्हणा. साडेतीन वर्षांत पैसे वसूल. इथे एफडीचे साडेआठ हजार कुठे आणि हे कुठे!

आता 80 युनिटवालं घर घ्या. सातपूरला दोघं म्हातारा-म्हातारी, पंखे, टीव्ही, लहान फ्रिज. यांची सगळी युनिटं स्वस्त टप्प्यातली. युनिटांचा खर्च शुल्कासह महिना साडेपाचशेच्या आसपास, वर्षाला 6,700. या घरावर कुणी 3 किलोवॅट बसवून दिला, तर पैसे फिटायला अठरा वर्षं लागतील. इथे एफडी खरंच जास्त देते. म्हणजे मेसेज या घरापुरता बरोबर आहे. पण तो बरोबर ठरतो तो सोलर वाईट म्हणून नाही, माप चुकलं म्हणून. याच घराला 1 किलोवॅट पुरतो. अनुदान जाऊन साधारण 40,000 पडतील, सहा वर्षांत वसूल. शिवाय 100 युनिटच्या आतल्या घरांसाठी राज्य सरकारने 2025 मध्ये वेगळी मदतही जाहीर केली आहे. तरीही या दोघांना मी घाई करायला सांगणार नाही. ज्यांना ती 40 हजारांची पुंजी आजारपणासाठी हाताशी लागते, त्यांनी ती छपरावर अडकवू नये. ‘मुद्दल शाबूत’ या शब्दांत तेवढा दम आहे: एफडी मोडता येते, पॅनल मोडून पैसे येत नाहीत.

मधल्या घरांचं, 150 युनिटच्या आसपासच्यांचं, गणित 2 किलोवॅटवर बसतं. पाचेक वर्षं लागतात. वाईट नाही, डोळे दिपावेत असंही नाही.

आता पाऊस. ‘नाशिकला चार महिने पाऊस’ हे वाक्य इगतपुरी-त्र्यंबकच्या माणसाने लिहिलं असेल तर समजू शकतो. इगतपुरीला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात त्याच्या पासंगालाही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्याच्या आसपास येतं हे खरं, पण बंद पडत नाही. ढगातून झिरपणाऱ्या उजेडावरही पॅनल चालतं. त्यातही वर्षाचा हिशेब एप्रिल ते मार्च असा चालतो, हे आपल्या पथ्यावर पडतं. एप्रिल-मेमध्ये जास्तीची झालेली युनिटं तुमच्या खात्यावर जमा राहतात आणि पावसाळ्यात खर्ची पडतात. पहिल्या पावसाने पॅनलवरची धूळही धुऊन निघते.

खरं नुकसान पावसापेक्षा उन्हात होतं, आणि त्याबद्दल मेसेज गप्प आहे. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. 25 अंशांवरच्या प्रत्येक अंशाला त्याची क्षमता साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते. नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पॅनलचा पृष्ठभाग साठीच्या पुढे गेलेला असतो. म्हणून पॅनलखालून वारा खेळायला हवा. पत्र्याला चिकटवून बसवलेलं पॅनल तापतं.

गारपिटीची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काय गुदरतं ते आपण दर काही वर्षांनी पाहतो. पण पॅनलची काच खिडकीची नसते. ती टफन्ड असते, आणि प्रमाणित पॅनलची चाचणीच 25 मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा ताशी 80 किलोमीटरहून जास्त वेगाने आदळून घेतात. त्याहून मोठ्या गारा पडल्या तर फुटूही शकतं, म्हणून घराच्या विम्यात पॅनल लिहून घ्यावं. माझ्या मते जास्त धोका वाऱ्याचा आहे. आपल्याकडे गच्ची सोडवत नाही. उन्हाळ्यात कुरडया-पापड घालायचे असतात, संध्याकाळी बसायचं असतं. म्हणून लोक आठ-आठ फूट उंच सांगाडा करून घेतात. उंच सांगाड्याला खर्चही वाढतो आणि वारंही जास्त धरतं. तिथे गंज लागणाऱ्या पातळ अँगलवर काटकसर करणं म्हणजे वळवाच्या वादळाला आमंत्रण. पायाचे ठोकळे स्लॅबला कसे धरलेत आणि गॅल्व्हनाइज्ड लोखंड किती जाडीचं आहे, हे पॅनलच्या कंपनीपेक्षा आधी विचारा.

‘दहा वर्षांत भंगार’ हा मुद्दा कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. नाशिकमध्ये गच्चीगच्चीवर सोलर वॉटर हीटर आहेत. त्यांच्या काचेच्या नळ्या तडकतात, बोअरच्या पाण्याचे क्षार साचून टाकी गळायला लागते. लोक त्यालाही ‘सोलर’च म्हणतात आणि तो अनुभव वीज बनवणाऱ्या पॅनलच्या माथी मारतात. दोन्ही यंत्रं अगदी वेगळी. पॅनलमधून पाणी फिरत नाही, हलणारा भाग नाही. कंपन्या 25 वर्षांनी 80 टक्क्यांच्या वर क्षमता राहील अशी हमी देतात. कमकुवत दुवा सोलरच्या इन्व्हर्टरचा आहे, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राचा (लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीवाला इन्व्हर्टर वेगळा). तो दहाएक वर्षांत बदलावा लागेल असं धरूनच चाला आणि तीसएक हजार बाजूला ठेवा. वरच्या 300 युनिटवाल्या घराला हा खर्च वर्षभराच्या बचतीत निघतो. 80 युनिटवाल्याला तो जड जाईल.

बोअरचं पाणी मात्र इथेही नडतं. त्याने पॅनल धुतलं की पांढरे डाग बसतात. नळाचं पाणी वापरा, आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर ओतू नका.

‘महावितरण फुकटात लाटणार’ हे अर्धसत्य आहे. नेट मीटर दोन्ही बाजूंनी मोजतो: तुम्ही किती घेतली, किती दिली. दिलेली युनिटं घेतलेल्यातून वजा होतात, उरलेली पुढच्या महिन्यात जातात. 31 मार्चला जे शिल्लक राहील त्याचे पैसे मिळतात, पण तुम्ही ज्या दराने वीज घेता त्याच्यापेक्षा कितीतरी कमी दराने. म्हणजे लाटलं जातं ते गरजेपेक्षा मोठा संच बसवणाऱ्याचं. दारात येणारा विक्रेता ‘पुढे एसी घ्याल, गाडी इलेक्ट्रिक घ्याल’ म्हणत 5 किलोवॅट गळ्यात मारायला बघतो. 3 च्या पुढे अनुदान एक रुपयाने वाढत नाही, हे तो सांगत नाही. गाडी आली की बघू म्हणावं. आणि बिल शून्य होईल हेही ऐकून सोडून द्या. स्थिर आकार, म्हणजे एकही युनिट न जाळता लागणारी ठरावीक रक्कम, दर महिन्याला येतोच.

नियम बदलतील ही भीती मात्र बिनबुडाची नाही. 2025 च्या दरनिश्चितीच्या वेळी दिवसा बनलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा करू द्यायची का, यावर राज्यात बराच वाद झाला. म्हणूनच ज्याचे पैसे तीन-चार वर्षांत सुटतात त्याने लावावं आणि ज्याला दहा वर्षं लागतील त्याने थांबावं, असं माझं मत आहे.

राहिला ‘लाइट गेली की सोलरही बंद’. हे पूर्ण खरं आहे. साधा ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेला संच वीज जाताच स्वतःहून बंद होतो, कारण नाहीतर तुमच्या छपरावरची वीज तारेत शिरून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव घेईल. बॅटरीवाला हायब्रिड संच घेतला तर वीज मिळते, पण खर्च बराच वाढतो आणि वसुली लांबते. नाशिक शहरात वीज जाण्याचं प्रमाण पाहता घरातला आहे तो इन्व्हर्टर-बॅटरी पुरे. सोलर बिल कमी करण्यासाठी लावायचा, अंधारासाठी नाही. जो विक्रेता दोन्ही एकाच किमतीत देतो म्हणेल, त्याला दारातूनच वाटेला लावा. अनुदान ‘सोडवून’ देण्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्यालाही. अर्ज योजनेच्या पोर्टलवर स्वतः करता येतो, आणि विक्रेता तिथल्या यादीतलाच हवा.

भाड्याने राहणाऱ्यांनी आणि रिडेव्हलपमेंटच्या बोलण्यांत अडकलेल्या जुन्या इमारतींनी या भानगडीत पडू नये. गच्चीवर दुपारी शेजारच्या टॉवरची सावली येत असेल तरी तेच. पॅनल साखळीने जोडलेली असतात, एकावर सावली पडली की इतरांचंही उत्पादन घसरतं.

आणि ज्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मेसेज सगळ्यात जास्त फिरतो, त्यांचाच यात उल्लेख नाही. फ्लॅटवाल्याला स्वतःचं छप्पर नसतं हे खरं. पण लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटर असतं. तेही घरगुती दरातच मोडतं आणि टप्पे त्यालाही लागतात. महिन्याला हजार-दोन हजार युनिट जाळणारं ते एकच मीटर 500 च्या वरच्या सगळ्यात महाग टप्प्यात जाऊन बसतं, जिथे एक युनिट पंधरा रुपयांच्या पुढे जातं. अख्ख्या इमारतीत सोलरचा सगळ्यात जास्त फायदा या मीटरला. केंद्राचं अनुदान इथे किलोवॅटला 18,000 आहे, फ्लॅटमागे 3 किलोवॅट आणि एकूण 500 किलोवॅटच्या मर्यादेत. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो, आणि वरच्या मजल्यावरचे ‘आमच्याच डोक्यावर का’ म्हणून कुरकुर करतात, वॉटरप्रूफिंगचा विषय काढतात. तो विषय रास्त आहे. गळती असेल तर आधी ती काढा, मग सांगाडा उभारा. पण सभेत जायच्या आधी सेक्रेटरींकडून कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं मागून घ्या आणि 500 च्या वरची युनिटं वेगळी काढून त्यांची बेरीज करा.