वाढदिवस की श्रद्धांजली?

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त ‘आपल्या परिसरातील साहित्यिक’ हा उपक्रम घ्यावा, त्याचा फ्लेक्स लावावा आणि छायाचित्र सायंकाळपर्यंत लिंकवर भरावे, असा निरोप आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. जळगाव जिल्ह्यातल्या चौथीच्या वर्गाला शिकवायला याहून सोपा विषय नाही. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, बालकवी धरणगावचे, भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि साने गुरुजी कोकणातले असले तरी शिक्षक म्हणून नावारूपाला आले ते अमळनेरला. हा आनंद फ्लेक्सच्या दुकानाच्या पायरीपर्यंत टिकला.

दुकानातला मुलगा एका भावी नगरसेवकाच्या गालावरचे डाग संगणकावर पुसत होता. मान न वळवताच त्याने विचारले, “वाढदिवस की श्रद्धांजली?”

“दोन्ही नाही. साहित्यिकांचा फलक करायचा आहे.”

“सर, आज गर्दी आहे, फॉरमॅट दोनच आहेत. माणसं हयात आहेत का?”

“चौघांपैकी एक आहेत.”

“मग मेजॉरिटी श्रद्धांजलीची,” असे म्हणून त्याने पणती आणि कमळ असलेली जांभळी चौकट उघडलीसुद्धा. लोकशाहीवर माझा विश्वास असल्याने मी क्षणभर गप्प राहिलो, आणि तेवढ्यात त्याने नावे विचारायला सुरुवात केली. बालकवी हे नाव ऐकताच त्याने इंटरनेटवरून कुरळ्या केसांचे एक गुबगुबीत बाळ शोधून गोलात बसवले. ते काढायला लावून मी त्याला सांगितले की त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ही पदवी 1907 साली जळगावच्याच कविसंमेलनात मिळाली आणि 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. आता मात्र तो खुर्चीसकट वळला.

“भादली? माझी सासुरवाडी आहे ती. वय काय होतं?”

“सत्तावीस.”

“अरेरे. तरुण माणूस,” तो मनापासून हळहळला. “मग ‘अकाली निधन’ टाकू.”

यावर आक्षेप घेणे अवघड होते, कारण ते खरेच होते. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, बालकवींसाठी हळहळणारा एक माणूस मला भेटला होता. पण त्याच स्टेशनावर उतरून सासरी जाणाऱ्या, दहावी झालेल्या या मुलाला ते नाव आजवर कुणीच सांगितले नव्हते, याचा मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

“खाली उत्तरकार्याची जागा मोकळी राहते. तिथे काय टाकू?”

“काहीही नको.”

“मोकळं बरं दिसत नाही सर. बरं, शोकाकुल कोण?”

मी शाळेचे नाव वर, मथळ्यात टाकायला सांगितले, चारही नावांचे शुद्धलेखन कागदावर लिहून दिले आणि ‘शोकाकुल’ हा शब्द काढण्याची तंबी देऊन निघालो. दुसऱ्या दिवशी गुंडाळी उघडली तेव्हा शुद्धलेखन निर्दोष होते. खाली ‘शोकाकुल : मुख्याध्यापक, शिक्षकवृंद व समस्त विद्यार्थी’ अशी ओळ होती. शिवाय चौकटीत गोल पाच आणि साहित्यिक चार असल्याने, पाचव्या गोलात माझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो बसला होता. पणती नेमकी माझ्यासमोर तेवत होती.

फोन केला तर उत्तर आले, “गोल रिकामा कसा सोडायचा?”

वेळ नव्हता म्हणून मी स्वतःवर रंगीत कागद चिकटवला आणि वर्गाकडे वळलो. वर्ग मात्र रंगला. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचत, घरच्यांनी ती उतरून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे आणि आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळे त्यांचे पुस्तक निघाले, हे ऐकून पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, “मग त्यांना त्यांचं पुस्तक बघायलाच नाही मिळालं?” चौधरी आडनावाच्या सगळ्या मुलांनी त्या आपल्या आजीच्या आजी असल्याचे जाहीर केले. भादलीच्या प्रसंगावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “तिथं फाटक नव्हतं का?” आणि त्यावर पुढची दहा मिनिटे रूळ कसा ओलांडावा यावर अशी चर्चा झाली की बालकवींची निसर्गकविता शिकवायला तास उरला नाही. एका मुलाला साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत मारायचे का, एवढेच जाणून घ्यायचे होते. मारत नसत, हे कळल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आवडली नाही.

यातले काहीही लिंकवर भरता येत नाही. तिथे फलक आहे का, फलकावर दिनांक आहे का आणि लाभार्थी विद्यार्थी किती, एवढेच रकाने आहेत. बहिणाबाईंसाठी हळहळणारी मुलगी ‘लाभार्थी’ या आकड्यात एक म्हणून गेली.

मधल्या सुट्टीत केंद्राच्या साहेबांचा फोन आला. “गुरुजी, फोटो पाहिला. मुलांच्या डोक्यांमुळे फ्लेक्स दिसत नाही. मुलांना जरा बाजूला करा आणि पुन्हा काढा. आणि तो कागद काय चिकटवला आहे? काढून टाका, डिझाइन खराब दिसतं.”

कागद काढला. मुलांना बाजूला केले. मुलांविना, चार साहित्यिक आणि एका दिवंगत शिक्षकाचे ते छायाचित्र आता शासनदरबारी उत्कृष्ट उपक्रम म्हणून जमा आहे आणि केंद्राच्या गटावर त्याला अंगठे आले आहेत. एका सहकाऱ्याने हात जोडलेले चिन्ह टाकले. ते अभिनंदनाचे होते की दुसरे काही, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

राहिला खर्च. संयुक्त शाळा अनुदानातून तो घ्यावा म्हणून मी बिल मुख्याध्यापकांपुढे ठेवले. त्यावर ‘श्रद्धांजली फ्लेक्स, 1 नग’ असे लिहिले आहे. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, “हे लेखापरीक्षणात कोणत्या शीर्षाखाली दाखवू?” बिल बदलून आणायला दुकानात गेलो तर तो म्हणाला, वाढदिवसाचे करून देतो, पण त्याचा दर जास्त आहे.