‘बेवड्यांच्या मीटिंगा’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल

पोळ्याच्या आधीपासून आमच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: दारू इच्छाशक्तीनं सुटते, ज्याला सोडायची तो आजच बंद करतो. ‘एए’च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना) मीटिंगा म्हणजे दहा बेवड्यांनी एकत्र बसून रडणं, तिथं बदनामी होते, पैसे जातात, धर्म बदलायला लावतात. त्यापेक्षा माणसाला बाहेरगावी पाठवा आणि भाजीत गुपचूप पूड मिसळा.

पाठवणाऱ्यांत माझी सख्खी मावशी आहे. तिचा हेतू वाईट नाही. पण यातलं बहुतेक सगळं आमच्या घरात करून झालंय, म्हणून लिहिते.

आधी इच्छाशक्ती. माझ्या धाकट्या भावानं टेकडीच्या गणपतीसमोर शपथ घेतली, ताजबागच्या दर्ग्यात घेतली, आईच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. प्रत्येक वेळी ती खरी होती. एकदा त्यानं ‘आजच’ बंद केलीही. तिसऱ्या रात्री अंगाला कापरं भरलं आणि भिंतीवर किडे दिसायला लागले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम होऊ शकतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून अशा माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. मीटिंग औषधांची जागा घेत नाही. हात थरथरायचे थांबतात, पण संध्याकाळचे सात रोज वाजतातच. मीटिंग त्या सातसाठी असते.

बाहेरगावी पाठवणं. आम्ही त्याला वर्धा जिल्ह्यात काकांकडे ठेवला. तिथं १९७५ पासून दारूबंदी आहे. पंधरवड्यात मोहाची कुठं मिळते हे त्याला काकांपेक्षा जास्त माहीत झालं.

आता पूड, आणि इथं मला राग येतो. पाकिटात काय आहे ते कुणी सांगत नाही. डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात. तिच्यावर दारू घेतली की शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. क्वचित मृत्यूही होतो. म्हणूनच ती रुग्णाला सांगून, त्याची संमती घेऊन, शेवटच्या घोटाला किमान बारा तास उलटल्यावर देतात. भाजीत काय मिसळलंय हे ठाऊक नसलेला माणूस गुत्त्यावर जाऊन पितो, तेव्हा आपण त्याच्या जिवाशी खेळत असतो. शिवाय कळलं, की तो घरात जेवणं सोडतो. आमच्याकडे सोडलं होतं. आई ताट झाकून रात्रभर बसायची.

राहिले ‘दहा बेवडे’. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ भेटले, तिथून हे सुरू झालं. स्मिथ स्वतः शल्यचिकित्सक. दारू शरीराचं काय करते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, तरी सुटत नव्हती. सुटली ती दुसऱ्या पिणाऱ्यानं स्वतःची गोष्ट सांगितल्यावर. माझ्या भावाला आम्ही सगळ्यांनी समजावलं, आणि आमच्यातल्या कुणीही सकाळी तोंड धुवायच्या आधी बाटली शोधलेली नव्हती. पहिल्या मीटिंगमध्ये एका काकांनी नेमकं तेच सांगितलं. घरी आल्यावर भाऊ एवढंच म्हणाला, ‘ताई, तो माणूस माझंच सांगून राहिला होता.’

पुरावा हवा असेल तर २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यासांचा, १०,५६५ जणांचा आढावा घेतला. मीटिंगांशी पद्धतशीर जोडून दिलेल्यांपैकी वर्षभरानं ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे सगळे सुटत नाहीत, आणि मीटिंगमध्येही तसा दावा कुणी करत नाही.

पैसे: फी नाही. शेवटी डबा फिरतो, हवं तर टाका. बदनामी: पहिल्या नावापलीकडे कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर मोहल्ल्याला सगळं आधीच ठाऊक होतं. धर्म: काही मीटिंगा चर्चच्या खोलीत भरतात, त्यावरून हा गैरसमज. दारूपासून दूर राहण्यासाठी एएनं सांगितलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण ‘आम्हाला उमगला तसा’ या शब्दांत. दीक्षाभूमीच्या या शहरात, बावीस प्रतिज्ञांतली ‘मी दारू पिणार नाही’ ही प्रतिज्ञा लहानपणापासून पाठ असलेले कितीतरी जण आहेत. तेही येतात, आणि ईश्वराच्या जागी त्या खोलीतल्या माणसांवर विसंबतात. सभासद व्हायला अट एकच: दारू थांबवायची इच्छा.

मीटिंग शोधायची तर मानसोपचाराच्या ओपीडीत विचारा, व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, किंवा १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. निघण्यापूर्वी वेळ पुन्हा विचारून घ्या. खोल्या मागून घेतलेल्या असतात, बदलतात. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, क्लोज्डला फक्त ज्यांचा स्वतःचा प्रश्न आहे त्यांना. पहिल्या दिवशी बोलायची सक्ती नाही, मागं बसून ऐकलं तरी चालतं. एक ग्रुप मनाला लागला नाही तर दुसरा पाहा. भावाला तिसरा जमला. आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. मी आईला तिथं नेलं, तेव्हा कुठं तिचं ताट घेऊन जागणं थांबलं.

मावशी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या संध्याकाळी मटणाच्या पंगतीत तू विचारत होतीस ना, ‘तो काहून नाही आला?’ तो मीटिंगला गेला होता.