बी उकरून बघणारा पोरगा

परवा शाळा बघायला आलेले एक पाहुणे परसबागेसमोर थांबले आणि म्हणाले, “बाई, मेथीला मधे मधे टक्कल पडलंय. फोटोत बरं दिसत नाही.” मी हसून वेळ मारून नेली. उत्तर मात्र पोटात राहिलं, ते इथे लिहिते.

मी पलूस तालुक्यात तिसरीला शिकवते. पोरं २३. प्रत्येकाने मेथीचे दहा दाणे पेरले, आणि एक गडी रोज आपला एक दाणा उकरून बघायचा. बाकीच्यांनी चुगली केली, मीही रागावणारच होते. पण त्याची वही उघडली तर रोजचं चित्र काढलेलं! आधी फुगलेला दाणा, मग टोकातून निघालेला पांढरा धागा, खाली वळलेला. “बाई, मूळ आधी येतंय, पान मागनं.” इतरांना हे वर हिरवं दिसेपर्यंत ठाऊकच नव्हतं. त्याचे पाच दाणे गेले. तेच ते टक्कल.

वाफ्यांचंही तसंच. दोन गटांना १६-१६ फूट सुतळी दिली, तेवढ्यात वाफा आखा म्हटलं. एकाने ४ बाय ४ आखला, दुसऱ्याने ६ बाय २. मेथी उगवल्यावर भांडण लागलं : सुतळी सारखी, मग त्यांची मेथी जास्त कशी? शेवटी काठीने फुटाफुटाचे चौकोन आखून मोजले. एकीकडे १६, दुसरीकडे १२. परिमिती, क्षेत्रफळ हे शब्द मी दोन दिवसांनी सांगितले, भांडण निवल्यावर.

पुस्तकात ‘माती ओलसर हवी’ असतं. आमच्या काळ्या रानात तेवढ्याने भागत नाही. पावसाच्या दुसऱ्याच दिवशी पोरांनी चिखलात बी टाकलं, सगळं कुजलं. एकीच्या आजोबांनी येऊन मूठभर माती दाबून दाखवली आणि ‘वाफसा’ शब्द दिला, म्हणजे चिखल ओसरून पेरणीजोगी उरलेली ओल. त्या आठवड्यात निबंधाला वेगळा विषय द्यावा लागला नाही.

एका पालकाने विचारलं, “घरी रानात हेच करतोय की, शाळेत कशाला?” रास्त प्रश्न आहे. पोरांना खुरपायला लावून बाई खुर्चीत बसणार असतील तर बागच नको. शिक्षा म्हणून तण काढायला लावणं तर मला अजिबात पटत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, स्वावलंबन आणि श्रमाची शिकवण आपल्या भागात तेव्हापासून मुरलेली. पण आठ वर्षांच्या पोराला आधी हात घालून बिघडवू द्यावं, या मताची मी आहे.

दुधीच्या वेलाने तर दमवलं. “बाई, ह्याला नुसती फुलंच येत्यात.” देठावर बारका दुधी असलेलं फूल मादी, नुसत्या देठाचं नर, हे पोरांनी स्वतः हुडकलं. अडचण अशी की दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी, शाळा सुटल्यावर. मग जवळची चार पोरं आणि मी, बॅटरी घेऊन, नर फूल तोडून मादीवर टेकवत बसलो. डास चावले ते वेगळंच.

एक धरलाय. हातभर झालाय. आता वर्गात दोन तट पडलेत : खिचडीबरोबर भाजी करायची की बियाला ठेवायचा. शनिवारी मतदान आहे. उकरणारा पोरगा म्हणतो, आधी चिरून आत बघू.