घर बांधताय? मग कागद करू नका

बंगल्याचं काम देताना करारनामा मागून ठेकेदाराचा अपमान करू नये. माणूस ओळखीतला, शिवाय मेव्हण्याचं घर त्यानेच बांधलंय. फारच खुमखुमी असेल तर स्टॅम्प आणा. ऑक्टोबर 2024 पासून शंभराच्या जागी पाचशेचा लागतो, म्हणजे वजन पाचपट. त्यावर एकच ओळ लिहा: 'संपूर्ण काम चांगल्या प्रतीच्या मटेरियलमध्ये, 1,900 रुपये फुटाने.'

फूट कशाचे, हे विचारू नका. टेप लागला की कळेलच: बाल्कनी पूर्ण, पोर्च पूर्ण, छज्जा धरलेला, जिन्यावरची खोलीसुद्धा. 1,000 फुटांचं घर 1,240 भरतं. वरचे 4 लाख 56 हजार हौसेचे समजा. सेप्टिक टँक, कंपाउंड, ओटा, लॉफ्ट? "साहेब, ते त्यात नव्हतं." खरंच नव्हतं. त्यात काहीच नव्हतं.

पाणी कोणाचं, हेही मोघम ठेवा. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या स्लॅबला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान 10 दिवस पाणी हवं. टँकरचे पैसे कोणी द्यायचे हे ठरेपर्यंत चौथा दिवस उजाडतो.

हप्ते मात्र सढळ हाताने बांधा. सही होताच 20 टक्के, जोत्याला 25, स्लॅब पडला की 40. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, खोलायच्या आत 85 टक्के पोहोचले. उरलेल्या 15 टक्क्यांत आतल्या भिंती, गिलावा, वायरिंग, प्लंबिंग, फरशी, दारं-खिडक्या आणि रंग. आता घटकाभर ठेकेदाराच्या खुर्चीत बसा. इथे खर्च जास्त आणि येणं कमी, पलीकडच्या गल्लीत नव्या साइटची उचल रोख. तुम्ही तरी फोन उचलला असता का? कामाच्या टप्प्यांप्रमाणे, मोजणी करून बिल द्यायचं, 5 टक्के अनामत वर्षभर राखायची, हे सरकारी चोचले. गच्ची गळते पावसाळ्यात. तोवर हिशेब मिटवून मोकळं व्हावं.

पेटी कंत्राटदारांची, म्हणजे ठेकेदाराने ज्यांना कामं वाटून दिलीत त्यांची, नावं तर मुळीच लिहून घेऊ नका. आणि ठेकेदाराला हप्ता देताना 'आधीच्या टप्प्यातल्या सर्वांचे पैसे दिले' अशी त्यांच्या सह्यांची पावती मागणं म्हणजे निव्वळ संशयी स्वभाव.

त्या पावतीऐवजी रविवारी सकाळी सेंट्रिंगवाला स्वतः फाटकाशी येतो. ठेकेदाराने त्याला सांगितलेलं असतं की मालकच पैसे देत नाहीत. भांडू नका, चहा विचारा. त्याचा तुमच्याशी करार नाही, ठेकेदाराशीही नाही; खिशात एक डायरी आहे, तेलाच्या डागांची. ती बघायला मागा. तुम्हाला 1,240 फूट लावलेला तोच स्लॅब तिच्यात, ठेकेदाराच्याच अक्षरात, 980 फूट आहे.