म्हणे, काय निवांत आहे!
शहरातून आमच्या छोट्या गावात आलेला प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी हेच म्हणतो, "काय निवांत आहे हो तुमच्याकडे!" अहो, निवांत नाही, ओस आहे. ज्या गंजक्या कुलपाचा गुडघ्यावर बसून फोटो काढताय ना, त्या दाराआड माणसं राबायची. पोरं शिकली, गेली. मग गिऱ्हाईक गेलं, मग दार बंद.

आणि "इथे खर्च तरी किती लागतो?" हे तर डोक्यातच जातं. माल थोडा, वाहतूक लांबची, म्हणजे नगामागे भाडं जास्तच. डॉक्टर गाठायचा तर अख्खा दिवस आणि वर त्या दिवसाची मजुरी बुडाली. एका धंद्यावर भागत नाही म्हणून सकाळी गाडी चालवणारा माणूस दुपारी हिशेब लिहितो आणि रात्री मोटारी दुरुस्त करतो. त्याला विचारा निवांतपणा.

छोटी गावं आसपासच्या वस्त्यांना लागणाऱ्या मालावर आणि सेवांवर जगतात, हे वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्येच मांडून ठेवलंय. बायपास झाला की तेच गिऱ्हाईक सुसाट पुढच्या शहरात! पाहुणेही त्याच रस्त्याने येतात, रविवारी संध्याकाळी त्याच रस्त्याने पळतात. राहा म्हटलं तर नेटवर्क नाही म्हणे.