डिंगी आधी घ्या, जागा नंतर बघू? असं नसतं हो

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, 'बोट घेताय? डिंगीचे हे 4 नियम पुरे'. दांडिया बाजारातली मंडळी मिळून मुंबईत जुनी 36 फुटी सेलबोट घ्यायचं म्हणतायत, त्यांच्यासाठीच कुणीतरी पाठवला असणार. डिंगी म्हणजे मोठ्या बोटीवरून किनाऱ्यावर जायची छोटी, बहुधा हवेने फुगवायची होडी. नियम असे: मोठ्यात मोठी डिंगी घ्या म्हणजे सगळे एका फेरीत किनाऱ्यावर, आणि ती मागे बांधून ओढा, पीव्हीसी आणि हायपालॉन (डिंगी ज्याची बनते ती दोन कापडं) सारखंच, लांब जाताना डेव्हिटवर (बोटीच्या मागे बाहेर आलेल्या दोन दांड्यांवर) टांगा, डिंगी आहे तर लाइफराफ्ट (बोट बुडाली तर बसायचा फुगणारा तराफा) कशाला. चारही चूक, पण सारखे चूक नाहीत.

ओढणं बंदराच्या आत, शांत पाण्यात चालतं. बाहेर पडलात की ती बोटीचा वेग खाते, मागून लाट आली की घसरत येऊन बोटीवरच आदळते, जोराच्या वाऱ्यात उलटते, आणि रिव्हर्स घेताना ढिला दोर बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गुंडाळला की झालं, भर पाण्यात इंजिन बंद. ओढायचीच तर दोर तरंगणारा घ्या आणि डिंगीचं आउटबोर्ड इंजिन आधी काढून वर घ्या. आणि एका फेरीत सगळे? अहो, हरणीच्या तलावात 18 जानेवारी 2024 ला जास्त माणसं भरलेली बोट उलटून शाळेची मुलं बुडाली, ते आपल्या गावाला वेगळं सांगायचं का? डिंगीवर किती माणसं आणि किती वजन याची पाटी असते, ती वाचा आणि दोन फेऱ्या करा.

खरं तर खरेदी उलट्या बाजूने करायची. आधी टेप घेऊन फोरडेकवर (बोटीच्या पुढच्या डेकवर) जा, डोलकाठीपासून पुढे मोकळी जागा किती ते मोजा. एवढ्या बोटीवर 3 मीटरची फुगवलेली डिंगी उपडी ठेवली तर बहुतेक वेळा पुढचा हॅच (डेकमधलं झाकणाचं दार) झाकला जातो, आणि आत आग लागली तर बाहेर पडायचा तोच रस्ता! मग उरते हवेच्या तळाची, घडी करून पिशवीत जाणारी. ती छोटी असली तर साधारण 25-30 किलो, दोघं आरामात उचलतात. फायबर तळाची पाण्यावर झकास पळते, मान्य, पण वजनदार, रोज हॅलयार्डने (शीड चढवायच्या दोराने) वर ओढायला लागली की उत्साह मावळतो.

पीव्हीसीचा मुद्दा अर्धा खरा आहे. पिशवीत किंवा कव्हरखाली राहणार असेल तर पीव्हीसी घ्या, हलकी पडते, पैसेही वाचतात. पण दिवसभर डेकवर उन्हात राहणार असेल तर ती काही वर्षांत चिकट होते, चिकटवलेले जोड सुटायला लागतात, बडोद्याचा मे महिना काढणाऱ्याला प्लास्टिकचं काय होतं ते माहीतच आहे. हायपालॉन हे ड्युपाँचं नाव, त्यांनी 2010 मध्ये बनवणं बंद केलं, आता तसंच रबर इतर कंपन्या करतात, ते उन्हात टिकतं म्हणूनच महाग. कुठलीही असो, भर उन्हात थोडी हवा सोडून ठेवा, नाहीतर दुपारी दाब वाढतो.

डेव्हिट? नांगर टाकलाय, रात्री डिंगी वर टांगायचीय, उत्तम. पण 'लांब जाताना' हे शब्द वाचून मी हात जोडले. मागून लाट येऊन डिंगी भरली तर हिशोब करा: आतली जागा 2 मीटर लांब, 70 सेंटीमीटर रुंद, 30 खोल, म्हणजे 420 किलो पाणी, दोन पातळ दांड्यांवर, बोटीच्या अगदी टोकाला. टांगताना तळाचं बूच काढलेलं असायलाच पाहिजे, नाहीतर पावसानेही भरते.

लाइफराफ्टवर मात्र वाद घालणाऱ्यांकडे एक उदाहरण असतं. 1972 मध्ये रॉबर्टसन कुटुंबाची बोट पॅसिफिकमध्ये ओर्कांनी फोडली, राफ्ट काही दिवसांनी निकामी झाला आणि सहा जणांना शेवटी डिंगीने वाचवलं, 38 दिवस! खरंय. पण ती घट्ट फायबरची डिंगी होती, आणि सुरुवातीचे दिवस छप्पर राफ्टचंच होतं. राफ्ट सिलिंडरच्या गॅसने आपोआप फुगतो, खाली पाण्याने भरणाऱ्या पिशव्या असतात म्हणून सहजी उलटत नाही. तुमची डिंगी तेव्हा फोरपीकमध्ये (बोटीच्या पुढच्या टोकाच्या खोलीत) घडी करून ठेवलेली असणार, आणि पंप कुठे ठेवलाय ते आधी आठवावं लागणार.