डेटा लपवायचाय? मग तो जाहीर करा

गेले तीन आठवडे माझा मुक्काम एका एक्सेल फाइलीत आहे. अकरा स्टेशनं, चार वर्षं, जमिनीतल्या ओलाव्याच्या आणि तापमानाच्या तासातासाच्या नोंदी. ही फाइल ज्या शोधनिबंधासोबत आली तो दुसऱ्यांचा आहे, चांगला आहे, जर्नल नावाजलेलं आहे, आणि शेवटी दिमाखात लिहिलंय की सर्व डेटा खुला आहे. डीओआयवर, म्हणजे डेटाच्या कायमच्या ऑनलाइन पत्त्यावर, क्लिक केलं की एक झिप उतरते. झिपमध्ये आणखी एक झिप. तिच्यात 'फायनल_नवीन_२_हीच_वापरा' नावाची फाइल. रीडमी, म्हणजे डेटा समजावून सांगणारी फाइलही आहे, नाही असं नाही. त्यात लेखकांची नावं आणि अनुदानाचा क्रमांक एवढंच आहे.

पहिल्या दिवशी मी चिडलो होतो. आता मात्र या मंडळींबद्दल आदर दाटून येतोय. डेटा द्यायचा नसला की बाकीचे लोक उगाच कुलपं लावत बसतात आणि कंजूष म्हणून बदनाम होतात. खरा कसबी दार सताड उघडं ठेवतो, फक्त आतल्या प्रत्येक बाटलीवरचं लेबल खरवडून काढतो. हे कसब तुमच्याही अंगी यावं म्हणून माझ्या ताज्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

स्तंभांना नावं देताना काटकसर करा. 'टी१', 'टी२', 'एसएम', 'एसएम_करेक्टेड', 'एक्स'. कशासाठी करेक्ट केलं, कोणत्या सूत्राने, ते सांगून वाचकाचं कुतूहल मारू नका. टी१ आणि टी२ हे दोन खोलींवरचे सेन्सर असावेत, हे मी स्वतःच्या अकलेने काढलं. टी२ची रोजची लाट टी१च्या मागून काही तासांनी येते आणि उंचीलाही बुटकी आहे, म्हणजे टी२ खालचा. छान वाटलं, शोध लागल्यासारखं. मग सातव्या स्टेशनवर नेमकं उलटं निघालं. तारा अदलाबदल झाल्या की तिथली माती आगळीवेगळी आहे, ते त्या मातीलाच ठाऊक. आणि 'एक्स'मध्ये सगळीकडे ० किंवा १ आहे, फक्त एका ओळीत ७.

एकक तर चुकूनही लिहू नका. ओलावा २३. कसला २३? टक्केच असतील, पण वजनाने की आकारमानाने? मातीची घनता घन सेंटिमीटरला १.३ ग्रॅम असेल, तर वजनाने २३ टक्के म्हणजे आकारमानाने जवळपास ३० टक्के. एवढ्या फरकाने काय बिघडतं, असं वाटत असेल तर थोरांचा आदर्श समोर ठेवा. १९९९ मध्ये 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'च्या वेळी एका चमूचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि दुसरा चमू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होता. फरक ४.४५ पट. यान मंगळाच्या नको तितकं जवळ गेलं आणि गेलंच. माझ्या नशिबी निदान यान तरी नाही.

टाइमझोन लिहू नका. भर मध्यरात्री ऊन पडलं तर वाचकाचीच करमणूक होते.

नोंद नसेल तिथे -९९९९ टाका, कुठे ० टाका, कुठे रिकामं सोडा, आणि हे कुठेही सांगू नका. सहाव्या स्टेशनच्या एका महिन्यात जमिनीची सरासरी मला उणे ३१२ अंश सेल्सियस मिळाली. निरपेक्ष शून्य, ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही, ते उणे २७३.१५ला आहे, त्यामुळे थोडा वेळ मी नोबेलच्या विचारात होतो. महिन्यातला एक दिवस सेन्सर बंद होता, बाकी काही नाही. -९९९९ निदान डोळ्यांत तरी भरतं. ० टाकणाऱ्याला माझा खास दंडवत, कारण जमिनीचं तापमान खरोखरच शून्य असू शकतं.

तारखा. ०३/०४ लिहा आणि बाजूला व्हा. पण त्याहून वरचा वर्ग आहे. दोन स्टेशनांच्या नोंदी सेन्सर बसवण्याच्या चार वर्षं आणि एक दिवस आधी सुरू होतात. त्या एका दिवसाने माझी झोप उडवली. एक्सेलमध्ये दिवस मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक १९०० पासून मोजते, दुसरी, जुन्या मॅकवरची, १९०४ पासून. एका पद्धतीच्या फाइलीतून दुसरीत नुसतं कॉपी-पेस्ट केलं की तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात. कुणीतरी ते केलं, कुणीतरी ते पाहिलं नाही, आणि ते शोधण्यात माझे दोन दिवस गेले. १९८८ पासून तारखा लिहायचं आयएसओ ८६०१ नावाचं मानक आहे. वर्ष, महिना, दिवस, या क्रमाने. असो, मी सल्ले द्यायला बसलोय, रडायला नाही.

जनुकांवर काम करत असाल तर यादी एक्सेलमध्येच ठेवा. 'सेप्ट२' या जनुकाचं २ सप्टेंबर आपोआप होतं. हा छळ इतका वाढला की २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली, सेप्टिन आणि मार्चएफ अशी. सॉफ्टवेअरपुढे जनुकांनी माघार घेतली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग वापरा. शब्दांत माहिती दिली की ती कुणालाही कळते, रंगांत दिली की फक्त देणाऱ्याला. माझ्या फाइलीत ६१४ पिवळे चौकोन आहेत. पिवळा म्हणजे संशयास्पद? की तपासून बरोबर ठरलेला? की कॅलिब्रेशनच्या दिवशीचा? सीएसव्ही, म्हणजे नुसत्या मजकुराची फाइल, केली की रंग उडून जातो, त्यामुळे फाइल प्रोग्रामने वाचणाऱ्याला तो होता हेही कळणार नाही. मी हौशी म्हणून शीट उघडून बघितली. मग नीट बघितलं तर पिवळे दोन प्रकारचे. फिका आणि गडद. ते ६१४ आकडे धरले तर माझा निष्कर्ष एक येतो, गाळले तर दुसरा. म्हणून पहिल्याच दिवशी निबंधाच्या लेखकांच्या पत्त्यावर पत्र टाकलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं: "रंग विद्यार्थ्याने दिले होते, तो आता इथे नाही. पिवळे बहुधा ठीक आहेत."

बहुधा ठीक! म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. निबंधावर तुमचं नाव, आलेख तुमचे, आणि त्या आलेखांत ६१४ आकडे होते की नव्हते हे तुम्हाला ठाऊक नाही.

डेटा 'मागितल्यास उपलब्ध' असं लिहिण्याचाही सल्ला देणार होतो. २०२२ मध्ये तपासून झालंय ते. तसं लिहिणाऱ्या १,७९२ निबंधांच्या लेखकांना खरोखर डेटा मागितला, तर १,६७० निबंधांच्या बाबतीत उत्तरच आलं नाही किंवा नकार आला. पण निदान त्यांनी माझे तीन आठवडे तरी खाल्ले नसते.

पुरे झालं हे सोंग. अहो, किती वेळ लागतो? एक साधी टेक्स्ट फाइल. प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, सेन्सरचं मॉडेल, किती खोलीवर पुरला, टाइमझोन, रिकाम्या जागेची खूण, काय दुरुस्त केलं आणि का. विद्यार्थी तुमच्यासमोर बसलेला असताना हे अर्ध्या तासाचं काम होतं. तो गेल्यावर ते कुणाच्याच हातात राहिलेलं नाही. नवं काही शोधायचंही नव्हतं. डेटाचं वर्णन कसं लिहायचं ते सांगणाऱ्या पंधरा घटकांच्या डब्लिन कोअरची सुरुवात १९९५ची, हवामानाच्या फाइलींसाठी सीएफचे संकेत आहेत, सजीवांच्या नोंदींसाठी डार्विन कोअर आहे. २०१६ची फेअर तत्त्वं तर तुम्ही स्वतःच प्रस्तावनेत उद्धृत केली आहेत! सापडेल, मिळेल, जुळेल, पुन्हा वापरता येईल. सापडलं आणि मिळालं. पुढचं काय? लोकांच्या पैशातून चार वर्षं मोजमाप केलंत आणि ते लोकांना वाचता येऊ नये याची तजवीजही केलीत. याला खुला डेटा म्हणू नका, टाकून दिलेला म्हणा.

त्या विद्यार्थ्याचा पत्ता मागणारं दुसरं पत्र पाठवून आज नऊ दिवस झाले. पत्ता द्यायचा नसेल तर तुम्हीच त्याला फोन करा. सगळं विचारू नका. फक्त गडद पिवळा म्हणजे काय, तेवढं विचारा.